पाय झोपू देत नाहीत तेव्हा



आजचा विषय पायांचा आहे आणि झोपेचाही आहे. दिवसभर पायांची काही तक्रार नसते. शेतात खुरपणी होते, गोठा होतो, स्वयंपाक होतो. रात्री भांडी आवरून अंथरुणाला पाठ टेकली, की दहा-पंधरा मिनिटांत पोटऱ्यांमध्ये काहीतरी सुरू होतं. कुणी म्हणतं पाय शिवशिवतात, कुणी म्हणतं वळवळतात, कुणी म्हणतं आतून किडे चालल्यासारखं वाटतं. कुणाला नुसतंच ओढल्यासारखं होतं आणि नेमका शब्द सापडत नाही. पाय हलवला की क्षणभर बरं वाटतं, स्थिर ठेवला की पुन्हा तेच. शेवटी बाई उठते आणि अंगणात, पडवीत फेऱ्या मारते. पहाटे कुठे डोळा लागतो, तोवर उठायची वेळ झालेली असते.

सांगवीत आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर बचत गटाच्या बैठकांना आम्ही जातो तेव्हा ही तक्रार सहसा शेवटी, उठताउठता निघते. बायका ती आजार म्हणून सांगत नाहीत. ‘माझी सवयच आहे,’ म्हणतात. घरात कुणी म्हणतं काम जास्त झालं, कुणी म्हणतं वय झालं, कुणी म्हणतं डोक्यात विचार फार. कितीतरी घरांत पोटरीला फडकं किंवा ओढणी आवळून बांधून झोपायची पद्धत आहे. सुना सासूबाईंचे पाय चुरून देतात, नातवंडं आजीच्या पायांवर उभी राहतात. त्याने थोडा वेळ बरं वाटतं, हे खरंच आहे. का वाटतं, तेही आपण पुढे बघू.

या त्रासाला वैद्यकशास्त्रात नाव आहे. त्याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. आपण त्याला ‘अस्वस्थ पाय’ म्हणू. हा मनाचा खेळ नाही आणि नाटक तर नाहीच. थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १६७२ साली याचं वर्णन लिहून ठेवलं. पुढे स्वीडनमधले डॉक्टर कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४५ साली अनेक रुग्ण तपासून त्याचा नीट अभ्यास मांडला आणि आजचं नाव दिलं. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीही माणसं रात्री अशीच फेऱ्या मारत होती.

ओळखायचं कसं

यासाठी कुठलं यंत्र लागत नाही, एक्स-रे लागत नाही, एमआरआय लागत नाही. डॉक्टर हा आजार प्रश्न विचारून ओळखतात. ते प्रश्न आपणच आपल्याला विचारून बघू.

पहिला प्रश्न: पाय हलवावेत अशी अनावर ओढ लागते का? दुखणं असेल किंवा नसेल, पण हलवल्याशिवाय राहवत नाही, ही मुख्य खूण आहे.

दुसरा: हे बसल्यावर किंवा पडल्यावर सुरू होतं का? पुण्याला जाताना एसटीत, कीर्तनाला बसल्यावर, टीव्हीसमोर, अंथरुणात.

तिसरा: चाललं, पाय ताणले, चोळले, की निदान तेवढा वेळ तरी बरं वाटतं का?

चौथा: संध्याकाळी आणि रात्री जास्त, सकाळी कमी, असं आहे का?

पाचवा प्रश्न डॉक्टरांनी तपासायचा: या खुणांमागे दुसरं काही कारण तर नाही ना?

पहिल्या चारही प्रश्नांचं उत्तर ‘हो’ असेल, तर डॉक्टरांशी याच आजाराचं नाव घेऊन बोलायला हरकत नाही. घरच्या माणसालाही एक गोष्ट विचारा. झोपेत पाय थोड्याथोड्या वेळाने झटका बसल्यासारखे हलतात का? अशा अनेकांना झोपेतही पाय उडतात, त्यांना स्वतःला ते कळत नाही आणि शेजारच्याची झोप मोडते.

आता काय नाही तेही बघू, कारण आपल्याकडे पायाच्या सगळ्या तक्रारी एकाच टोपलीत टाकतात. रात्री अचानक पोटरीत गोळा येतो, स्नायू दगडासारखा घट्ट होतो, जीव जातो की काय असं वाटतं आणि दोन-चार मिनिटांत ते उतरतं. तो वांब आहे, त्याची कारणं वेगळी. साखरेच्या आजारात तळपायांची आग होते, मुंग्या येतात, पाय बधिर होतात. हे दिवसाही असतं आणि चालल्याने जात नाही. बी-१२ जीवनसत्त्व कमी असलं तरी अशाच मुंग्या येतात. शाकाहारी घरांत आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांत हे जास्त दिसतं. सांधे झिजले असतील तर चालल्याने दुखणं वाढतं. पायावर निळ्या फुगलेल्या शिरा असतील, दिवसभर उभं राहून पाय जड होत असतील, तर ते शिरांचं दुखणं आहे. एकाच बाईला यातले दोन त्रासही असू शकतात, म्हणून तपासणी हवी.

आणि एक धोक्याची खूण. एकच पाय अचानक सुजला, लाल झाला, गरम लागतो आणि दुखतो, तर थांबू नका. विशेषतः बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ती शिरेत रक्ताची गाठ असू शकते.

मुळाशी बहुतेक वेळा लोह

मेंदूमध्ये डोपामिन नावाचं एक रसायन आहे. हालचालींवर ताबा ठेवण्याच्या कामात त्याचा वाटा असतो. मेंदूला डोपामिनचं काम नीट चालवायला लोह लागतं. मेंदूच्या काही भागांत लोह कमी पडलं की हा कारभार बिघडतो, आणि तो संध्याकाळनंतर जास्त बिघडतो, कारण शरीराच्या रोजच्या घड्याळाप्रमाणे रात्री लोह आणि डोपामिन दोन्ही उतरतात. म्हणून दिवसा कामावर असणारे पाय रात्री अस्वस्थ होतात. चालल्यावर किंवा पाय चोळल्यावर पायांकडून मेंदूकडे दुसरे संदेश जातात आणि ती ओढ तेवढ्यापुरती दबते. फडकं आवळल्याने बरं वाटतं ते याच कारणाने. फक्त ते इतकं घट्ट बांधू नका की पाय बधिर होईल.

हा आजार कुणालाही होतो, पुरुषांनाही. काही घराण्यांत तो आईकडून मुलीकडे, मुलाकडे येतो. पण बायकांमध्ये तो जास्त दिसतो, आणि आपल्याकडे त्यामागे लोहाची कमतरता हे मोठं कारण आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी असल्याचं आढळलं. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ होता. ऊस, डाळिंब, द्राक्षं, दूध असलेल्या राज्यात अर्ध्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त पुरेसं नाही. त्या सगळ्यांना अस्वस्थ पायांचा त्रास होतो असं नाही. पण ज्यांना होतो त्यांनी पहिल्यांदा लोह तपासायला हवं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण पुढचे सगळे उपचार तिच्यावर उभे आहेत. आपण रक्त तपासतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त हिमोग्लोबिन बघतो. हिमोग्लोबिन म्हणजे स्वयंपाकघरातल्या डब्यातलं पीठ. डबा भरलेला आहे म्हणून घरात धान्य आहे असं आपण समजतो. पण कणगी तळाला गेलेली असू शकते. ती कणगी म्हणजे फेरिटिन. अंगात लोहाचा साठा किती आहे हे फेरिटिनच्या तपासणीतून कळतं. शरीर आधी कणगी रिकामी करतं आणि मग डबा. म्हणून हिमोग्लोबिन १२ असलेल्या बाईचंही फेरिटिन अगदी कमी असू शकतं आणि तिचे पाय रात्रभर वळवळू शकतात.

आणखी एक मेख आहे. लॅबच्या कागदावर फेरिटिनचा ‘नॉर्मल’ आकडा बराच खालून सुरू होतो. समजा तुमचं फेरिटिन २० आलं. कागदावर त्याच्यापुढे लाल खूण नसेल आणि कुणीतरी म्हणेल, ‘रिपोर्ट चांगला आहे.’ पण अस्वस्थ पायांच्या बाबतीत तज्ज्ञांचा नियम वेगळा आहे. मोठ्या माणसांत फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असेल तर लोहाचा उपचार सुरू करावा, असं झोपेच्या आजारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मुलांसाठी हा आकडा ५० धरतात. म्हणजे वीसच काय, साठ आलं तरी तुमच्या पायांना ते कमी पडत असू शकतं. हा एक मुद्दा डॉक्टरांशी बोलताना लक्षात ठेवा.

फेरिटिनची तपासणी सकाळी, उपाशीपोटी करावी. लोहाची गोळी चालू असेल तर तपासणीआधी ती किती वेळ थांबवायची हे डॉक्टरांना विचारावं. ताप असताना, कुठे जंतुसंसर्ग किंवा सूज असताना ही तपासणी करू नये, कारण तेव्हा फेरिटिन उगाचच वाढलेलं दिसतं. सोबत लोहाची दुसरी तपासणी म्हणजे ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन करता आली तर उत्तम. ते २० टक्क्यांच्या खाली असेल तर लोह कमी आहे असं समजतात.

लोह गेलं कुठे

नुसती गोळी घेऊन भागत नाही. कणगीला भोक पडलं असेल तर आधी ते शोधायला हवं.

बाईच्या बाबतीत पहिला प्रश्न पाळीचा. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते का, गाठी जातात का, दर तासा-दोन तासाला कपडा बदलावा लागतो का? याला आपल्याकडे ‘अंगावरून जास्त जातं’ म्हणतात आणि वर्षानुवर्षं सोसतात. यावर औषधं आहेत, तांबीसारखं बसवायचं औषधी साधनही आहे. पिशवी काढणं हा पहिला उपाय नव्हे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या लहान वयात काढल्या गेल्याची गोष्ट बीड जिल्ह्यातून सगळ्या राज्यासमोर आली होती, ती विसरू नका. दुसरं मत घेतल्याशिवाय ऑपरेशनला हो म्हणू नका.

दुसरं कारण जंत. शेतात अनवाणी चालणाऱ्यांना आकडेकृमी होतात, ते आतड्यात राहून रक्त पितात. जंताची गोळी दवाखान्यात मिळते. तिसरं मूळव्याध, चौथं पोटातला अल्सर. पाळी बंद झालेल्या बाईचं किंवा पुरुषाचं लोह कमी झालं, तर पोटातून रक्त जातंय का हे डॉक्टरांनी शोधायलाच हवं. शौचाला डांबरासारखं काळं होत असेल आणि लोहाची गोळी चालू नसेल, तर लगेच दाखवा.

गरोदरपण हे वेगळं कारण. शेवटच्या तीन महिन्यांत साधारण पाचातल्या एका बाईला पायांचा हा त्रास होतो. बाळंत झाल्यावर बहुतेकींचा तो महिनाभरात आपोआप कमी होतो. एवढं माहीत असलं तरी सुनेला धीर येतो. किडनीच्या रुग्णांत, विशेषतः डायलिसिसवर असणाऱ्यांत, हा त्रास पुष्कळ दिसतो. चार तास एका जागी पडून राहणं त्यांना शिक्षा वाटते. घरात असं कुणी असेल तर डायलिसिसच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

काही औषधांनीही पाय जास्त अस्वस्थ होतात. सर्दी-खाजेवरच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजारांवरची काही औषधं, नैराश्यावरच्या काही गोळ्या. झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून कुणी गुंगीची सर्दीची गोळी आणून घेतं आणि पाय आणखी वळवळतात. मात्र नैराश्याची किंवा मानसिक आजाराची गोळी मनाने बंद करू नका. त्याने मोठं नुकसान होऊ शकतं. डॉक्टरांना सांगा, ते बदलून देऊ शकतात.

गोळी घ्यायची रीत

लोहाची गोळी आपल्या आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात आणि आशाताईंकडे मोफत मिळते. २०१८ साली सुरू झालेल्या अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदर बाईला रोज एक याप्रमाणे १८० गोळ्या देतात. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड असतं. शाळेतल्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते. या गोळ्या किती घरांत फडताळात पडून असतात, ते आम्ही सांगायला नको. मळमळतं, बद्धकोष्ठ होतं, शौचाला काळं होतं, म्हणून बायका सोडून देतात. लोहाच्या गोळीने शौचाला काळं होणं नेहमीचं आहे, घाबरू नका.

गोळी अंगी लागायची असेल तर तीन गोष्टी पाळा. एक, ती चहा-कॉफीबरोबर घेऊ नका. मागेपुढे निदान दोन तास चहा नको. दोन, कॅल्शियमची गोळी आणि दूध तिच्याबरोबर नको. गरोदर बाईला दोन्ही गोळ्या असतात, तेव्हा एक सकाळी आणि एक संध्याकाळी अशी विभागणी करा. तीन, लिंबूपाणी, आवळा किंवा पेरूबरोबर घ्या. आंबट फळातल्या सी जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं.

पोटाला फार त्रास होत असेल तर एक दिवसाआड घ्यायची का हे डॉक्टरांना विचारा. रक्त कमी नसलेल्या, पण साठा कमी असलेल्या बायकांवर झालेल्या अभ्यासांत असं दिसलं, की एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं. गरोदर बाईने मात्र सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज घ्यावी.

आठवड्यात फरक पडेल असं समजू नका. कणगी भरायला वेळ लागतो. तीन महिन्यांनी पुन्हा फेरिटिन तपासा. आणि तपासणीशिवाय वर्षानुवर्षं गोळ्या खाऊ नका, कारण जास्तीचं लोहही वाईट. घरात थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह सुरू करू नका. गोळ्यांचं पाकीट लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. मुलांनी या गोळ्या जास्त खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं.

गोळी सोसत नाही, अंगी लागत नाही किंवा साठा फारच कमी आहे, तेव्हा शिरेतून लोह देतात. हा उपाय नवा नाही. स्वीडनमध्येच नॉर्डलँडर नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली शिरेतून लोह देऊन असे रुग्ण बरे होतात असं दाखवलं होतं. आज त्यासाठी फेरिक कार्बोक्सिमाल्टोजसारखी अधिक सुरक्षित औषधं आहेत. ते दवाखान्यातच, देखरेखीखाली घ्यायचं असतं. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ते देत नाहीत. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागू शकतात.

जेवणाबद्दल थोडं. बाजरी, नाचणी, मटकी, हरभरा, पालेभाजी, तीळ, हळीव हे सगळं चांगलं. मटण, कलेजी चालत असेल तर त्यातलं लोह सगळ्यात सहज अंगी लागतं. भाजी लोखंडी कढईत करा. भाकरीबरोबर लिंबाची फोड ठेवा. गुळात लोह असतं, पण नुसता गूळ खाऊन कणगी भरत नाही, आणि मधुमेह असलेल्यांनी तर त्या नादी लागूच नये. साठा एकदा तळाला गेला की केवळ जेवणाने तो भरून येणं कठीण असतं, तेव्हा औषध लागतं.

लोह भरलं तरी त्रास राहिला तर

काहींचे पाय लोह भरल्यावर शांत होतात. काहींना तरीही औषध लागतं. इथे गेल्या काही वर्षांत डॉक्टरांचं मत बदललं आहे, म्हणून नीट ऐका.

पूर्वी या आजारावर पहिल्यांदा प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल या गोळ्या देत. या डोपामिनसारखं काम करतात. सुरुवातीला त्यांचा गुण जादूसारखा येतो, पहिल्याच रात्री झोप लागते. पण काही महिन्यांनी किंवा वर्षांनी बऱ्याच रुग्णांत उलटंच सुरू होतं. रात्री दहाला येणारा त्रास संध्याकाळी सहाला, मग दुपारी येऊ लागतो. पायांबरोबर हातही वळवळतात. गोळी वाढवली की चार दिवस बरं आणि पुढे आणखी वाईट. आजार बळावला असं वाटतं, पण बळावणारी गोळीच असते. काहींना या गोळ्यांनी खर्च, खाणं, जुगार यांवरचा ताबाही सुटतो. म्हणून अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या सूचनांत या गोळ्या नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असा सल्ला दिला. त्याऐवजी गॅबापेंटिन आणि प्रीगॅबॅलिन ही औषधं, आणि गरजेप्रमाणे शिरेतून लोह, यांना पसंती दिली.

तुमच्यापैकी कुणी ती जुनी गोळी घेत असेल तर आजचं हे बोलणं ऐकून उद्या ती बंद करू नका. एकदम सोडली तर त्रास उसळतो. डॉक्टरांकडे जा, त्रास आता दिवसाही होतो का ते सांगा, मग ते हळूहळू कमी करतील.

नव्या औषधांचेही दोष आहेत. गुंगी येते, चक्कर येते, पायांवर सूज येते, वजन वाढतं, काहींचं मन उदास होतं. वय झालेल्या माणसाने रात्री उठताना जपावं, पडलं तर खुबा मोडतो. किडनीचा आजार असेल तर मात्रा कमी लागते. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी सांगा. शेजारणीला गुण आला म्हणून तिच्या पाकिटातली गोळी घेऊ नका.

‘नस दबली आहे’, ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणून महागड्या तपासण्या किंवा महिनोन्महिने मालिशचे कोर्स कुणी सांगत असेल, तर आधी विचारा, माझं फेरिटिन बघितलं का? तेवढी तपासणी खाजगी लॅबमध्ये काही शे रुपयांत होते.

झोपेची घडी

औषध घेतलं तरी झोपेची घडी बसवावी लागते. आपल्याकडे ते सोपं नाही. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची आली की मोटारीसाठी घर जागं राहतं. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रस्त्याने रात्रभर उसाचे ट्रॅक्टर जातात. सगळं आपल्या हातात नाही, पण काही गोष्टी आहेत.

दुपारी तीननंतर चहा बंद करून बघा. दोन आठवडे तरी करा. पाहुणे आले तर त्यांना चहा द्या, आपण कोकम किंवा लिंबू सरबत घ्या. मिश्री आणि तंबाखू हे झोपेचे वैरी आहेत. झोपण्यापूर्वी मिश्री लावल्याने झोप लागते असं वाटतं, पण त्यातलं निकोटिन जागं ठेवतं. दारूनेही हा त्रास वाढतो, हे घरातल्या पुरुषांना सांगा.

शेतातलं काम म्हणजे व्यायाम झालाच, असं म्हणतात. पण वाकून केलेल्या कामाने स्नायू आखडतात. झोपण्यापूर्वी पाच-दहा मिनिटं पोटऱ्या आणि मांड्या ताणा. भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीला, तीस मोजेपर्यंत. मग दुसरा. त्यानंतर पाय कोमट पाण्यात बुडवा, किंवा खोबरेल तेलाने चोळा. काहींना गरमऐवजी गार पाण्याने बरं वाटतं. दोन्ही करून बघा. साखरेचा आजार असेल तर पाणी दुसऱ्याच्या हाताने बघून घ्या, बधिर पायाला चटका कळत नाही.

पाय वळवळत असताना मन गुंतवणारं काम असेल तर त्रास कमी जाणवतो. क्रोशा, गोधडीचे टाके, हिशोबाची वही, काहीही चालेल. प्रवासात बाजूच्या वाटेची जागा घ्या, म्हणजे उठता येतं. अंथरुणात पंचवीस मिनिटं तळमळत पडू नका. उठा, थोडं चाला, डोळे जड झाले की परत या. मोबाईल मात्र हातात घेऊ नका. सकाळी उठायची वेळ रोज एकच ठेवा.

डॉक्टरांना काय सांगायचं

दवाखान्यात गर्दी असते, डॉक्टरांकडे वेळ कमी असतो. ‘पाय दुखतात’ एवढंच म्हटलं तर दुखण्याची गोळी मिळते. म्हणून दोन आठवडे मुलीच्या जुन्या वहीत लिहून ठेवा: किती वाजता आडवी झाले, पाय किती वाजता सुरू झाले, कितीदा उठले, शेवटचा चहा कधी, पाळीची तारीख. लिहिता येत नसेल तर नातवाकडून लिहून घ्या. चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून न्या.

मग अशा शब्दांत सांगा: ‘डॉक्टर, रात्री पडलं की पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. चाललं की बरं वाटतं. सकाळी काही नसतं. झोप होत नाही. मला रेस्टलेस लेग्ज आहे का ते बघा, आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही करा.’ आधी आरोग्य केंद्रात जा. तिथे ही तपासणी होत नसेल तर बारामतीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय महिला रुग्णालयात विचारा. लोह भरूनही त्रास राहिला तर मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी मागा.

शेवटी घरच्यांसाठी दोन शब्द. झोप न झालेली बाई दिवसभर चिडते, विसरते, गाडीवर डुलकी घेते, कडबाकुट्टीच्या यंत्रात हात घालताना चुकते. रोजची झोप मोडली की मनही खचतं. तिचे पाय रात्री वळवळतात हे घरातल्यांनी खरं मानलं, तर तिचं अर्धं ओझं तिथेच उतरतं. उरलेल्या अर्ध्यासाठी रक्ताची एक तपासणी आणि काही महिन्यांचा धीर लागतो. या सोमवारी पाण्याच्या टाकीवर, दूध डेअरीवर किंवा बसथांब्यावर भेटणाऱ्या एका तरी मैत्रिणीला विचारा, ‘रात्री पाय झोपू देतात का गं?’ ती ‘नाही’ म्हणाली तर फेरिटिन हा शब्द तिला सांगा, आणि दवाखान्यात तिच्याबरोबर जा.